हमाल चार, काटा एक : लिनक्स आणि अनेक प्रोसेसरांचा हिशेब

संगणकात प्रोसेसर चार असले म्हणजे काम चौपट वेगाने होणार, अशी समजूत सातारा-सांगलीकडील अनेक व्यापारी बंधूंची दिसते. जादा पैसे याच आशेवर मोजले जातात. तेव्हा हा हिशेब नीट तपासून पाहू.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची गाडी आली आहे असे समजा. एका हमालाला पोती उतरवायला ७५ मिनिटे लागतात, नंतर एकाच काट्यावर वजन व्हायला २५ मिनिटे. एकूण १००. हमाल चार लावले तर उतरवणे १९ मिनिटांत होईल, पण काट्याची २५ तशीच राहतील. एकूण ४४ मिनिटे. म्हणजे हमाल चौपट, वेग मात्र सव्वादोन पट! हमाल शंभर लावले तरी वेळ २५ मिनिटांखाली जाणार नाही. जीन अ‍ॅमडाल या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये संगणकाबाबत हेच मांडले.

लिनक्सलाही असाच काटा आडवा आला होता. लायनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सुरू केलेली ही मुक्त प्रणाली जून १९९६ च्या २.० आवृत्तीपासून अनेक प्रोसेसर वापरू लागली. पण तिच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, एकच मोठे कुलूप होते. एक प्रोसेसर आत गेला की बाकीचे दाराशी ताटकळत. मग एका मोठ्या कुलपाऐवजी कपाटागणिक लहान कुलपे बसवत गेले आणि २०११ मध्ये ते मोठे कुलूप कायमचे निघाले. पंधरा वर्षे लागली! नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवरच चालत आहेत. पुण्याच्या सी-डॅकनेही ‘बॉस’ नावाचे लिनक्स काढले आहे.

आता आपल्या पेढीचे बोलू. आजच्या साध्या संगणकातही एकाच चिपवर दोन-चार कोअर, म्हणजे तितके प्रोसेसरच, असतात. लिनक्स ते आपोआप ओळखते. टर्मिनलमध्ये ‘टॉप’ ही आज्ञा देऊन १ ही कळ दाबा, प्रत्येक कोअरवरचा भार वेगळा दिसेल. पावत्या करताना बहुतेक कोअर रिकामे बसलेले आढळतील. रात्री बॅकअपची फाइल ‘जीझिप’ने लहान करताना एकच कोअर राबतो; त्याऐवजी ‘पिगझी’ वापरले तर सगळे कामाला लागतात. तेही फुकटच मिळते.

आमचे मत असे की, निव्वळ बिले करणाऱ्याने जादा कोअरवर पैसे घालू नयेत. तेच मेमरी आणि यूपीएसवर घालावेत. लग्नाच्या व्हिडिओचे काम करणाऱ्याला मात्र जादा कोअरचा खर्च परवडतो. आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवरच चालते का, हे लिनक्स बसवण्याआधी विक्रेत्याला जरूर विचारावे.