डोंगरावर बिऱ्हाड हलवण्याआधी

मे महिना लागला की आपल्या सावद्यात, फैजपूर-रावेरच्या सगळ्या पट्ट्यात, एक विषय हमखास निघतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असतो, कूलरमधून येणारा वाराही गरम लागतो, पोरांच्या अंगावर घामोळं उठलेलं असतं. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘पोरांसाठी तरी कुठं थंड हवेच्या गावाला राहायला जाऊ.’ पूर्वी मृगाचा पाऊस पडला की हे बोलणं विसरलं जायचं. अलीकडे तसं होत नाही. कुणाचं काम घरी बसून संगणकावर चालतं, कुणाच्या नात्यातलं मूल पाचगणीच्या शाळेत असतं, कुणाच्या बोअरचं पाणी दरवर्षी आणखी खोल जातं. त्यामुळे आता आईबाप खरोखर घर हलवण्याचा हिशेब मांडून माझ्याकडे येतात. शिक्षिका होते म्हणून येतात, आणि मी त्यांना परतवत नाही. त्यांच्याशी जे बोलते तेच आज तुमच्याशी बोलते.

तुमची इच्छा चुकीची आहे असं मला मुळीच वाटत नाही. मुलांना उन्हापासून, धुळीपासून दूर न्यावं असं वाटणं ही आईबापाची माया आहे आणि ती फार जुनी आहे. पाचगणी नावाचं गावच त्या इच्छेतून उभं राहिलं. १८६०च्या दशकात जॉन चेसन नावाच्या इंग्रजानं ते वसवलं. महाबळेश्वर तेव्हा आधीच प्रसिद्ध होतं, पण पावसाळा आला की साहेब लोकांना तिथून खाली उतरावं लागे. बारा महिने राहता येईल अशी जागा हवी होती, म्हणून थोडं पूर्वेला सरकून पाचगणी निवडली गेली. पुढे तिथे शाळा आल्या. आधी गोऱ्या मुलांसाठी, मग पारशी, मुसलमान, हिंदू मुलांसाठी. डॉक्टर बिलिमोरियांनी १९१२ साली क्षयरोग्यांसाठी बेल-एअर आरोग्यधाम काढलं. आजचं संजीवन विद्यालय १९२२चं.

हा इतिहास सांगते तो एवढ्यासाठी, की ज्यांनी ते गाव निवडलं त्यांनी आधी पावसाळा पाहिला होता. आपण मात्र मे महिन्यात तीन दिवस हॉटेलात राहतो, टेबल लँडवर वारा खातो, स्ट्रॉबेरी-क्रीम खातो आणि तिथेच ठरवून परत येतो.

माझं पहिलं सांगणं म्हणूनच हे: जुलैत जा. आपल्याकडे वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या पुढे, आणि वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. म्हणजे ‘कमी पावसाची’ पाचगणीसुद्धा आपल्या दुपटीहून जास्त भिजते. आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही, शाळेचे कपडे वाळत नाहीत, भिंतींना ओल येते, गाद्यांना वास लागतो. धुक्यात समोरचं घर दिसत नाही. ज्यांच्या मुलाला दमा आहे ते म्हणतात, ‘डोंगरावरची हवा चांगली.’ हवा स्वच्छ असते हे खरं, पण ओलीत वाढणारी बुरशी दम्याला घातक असते हेही तितकंच खरं. तुमच्या मुलाचा दमा धुळीनं उठतो की ओलीनं, हे आधी बालरोगतज्ज्ञांकडून समजून घ्या.

चिखलदऱ्याचंही तसंच. आपल्याला ते जवळचं वाटतं. बुऱ्हाणपूर, धारणी, सेमाडोह करत गाडी चढते. अकराशे मीटरच्या आसपास उंची, कॉफीची झाडं, गवळ्यांच्या घरचं दूध, खवा, रबडी. पण २०११च्या जनगणनेत त्या गावाची वस्ती पाच हजारांच्या आसपास होती. आपलं सावदा त्याच्या कितीतरी पट. मुलाला रात्री दोन वाजता ताप चढून झटका आला तर मोठ्या दवाखान्यासाठी घाट उतरून परतवाड्याला यावं लागतं, आणि त्याहून गंभीर असेल तर अमरावतीला. इथे आपण अर्ध्या-पाऊण तासात भुसावळ गाठतो. आणखी एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. एवढा पाऊस पडूनही त्या डोंगराळ तालुक्यातल्या गावांना उन्हाळ्यात पाण्याची टंचाई सोसावी लागते, कारण उतारावरच्या काळ्या खडकात पाणी थांबत नाही. पाण्याच्या काळजीनं सावदा सोडणाऱ्यानं एकदा मे महिन्यात तिथल्या बायांना विचारून यावं.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त बोलायला हवं, तिच्याकडे येते. बाप कुठे राहणार?

नोकरदाराचं एक वेळ ठीक. पण आपल्याकडे बहुतेक घरांत केळी आहे. मृगबाग जून-जुलैची, कांदेबाग पावसाळा सरल्यावरची. लागवडीपासून घड कापेपर्यंत अकरा-बारा महिने, मग पिलबाग. मधे शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली तर रात्री उठून मळ्यात जायचं. वादळाच्या दिवसांत खांब आडवे होतात, थंडीत चरका बसतो, उन्हाळ्यात बांधावरची शेवरी आणि जाळी सांभाळायची. पावसाळ्यात हरण्या रोग आला तर रोजच्या रोज बागेत फिरून रोगट झाडं उपटून फेकावी लागतात. चार दिवस कुणी पाहिलं नाही तर शेजारच्या ओळी जातात. सालदाराच्या भरवशावर आणि फोनवर हे पीक निघत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. मग घरात ठरतं ते असं: आई पोरांना घेऊन वर राहील, बाबा इथे राहतील, महिन्या-दोन महिन्यांनी भेटायला येतील.

कागदावर हे सोपं दिसतं. भुसावळहून रात्रीच्या गाडीनं पुणे, तिथून वाई, पसरणीचा घाट आणि पाचगणी. पण अशा घरांतल्या बायांशी मी बोलले आहे. त्यांतली एक म्हणाली, ‘बाई, तिथं मी पोरांची आईबी होती आन् बापबी, आन् माह्याशी बोलाले कोनी नव्हतं.’ तिला मंडईत भाव करताना अडचण नव्हती, शाळेत जायला यायला अडचण नव्हती. अडचण संध्याकाळी पाचनंतर होती. इकडे नवराही सुकलेला. दिवसभर मळा, रात्री डबा गरम करून खाणं, आणि पोरांचा आवाज फक्त मोबाइलमधून. मुलगा वर्षभरानं बापाशी परक्यासारखा बोलू लागला, हे त्या दोघांच्या लक्षात आलं तेव्हा दोघंही माझ्यासमोर बसून रडले होते.

मुलाला थंड हवा मिळाली आणि बाप मिळाला नाही, तर मुलाचा तोटाच झाला असं मी स्पष्ट म्हणते. जायचं असेल तर दोघांनी जा. दोघांना जाता येत नसेल तर, निदान मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत, जाऊ नका. दोन चुली मांडण्याची वेळ कधीकधी येते, आजारपणात येते, नोकरीच्या बदलीत येते. पण हवेसाठी ती आपण होऊन आणू नये.

‘मग वसतिगृहात ठेवू’ असं काही जण म्हणतात. वसतिगृह वाईटच असतं असं मी मानत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अमळनेरला, १९२४ साली साने गुरुजी शिक्षक म्हणून आले आणि तिथल्या छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. मुलांच्या खोल्या झाडणं, त्यांचे कपडे धुणं, आजारी मुलाच्या उशाशी बसणं, हे सगळं ते करत. मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. अशा माणसाच्या हाती मूल असेल तर आईबापांनी निश्चिंत असावं. म्हणून शाळा पाहायला जाल तेव्हा जलतरण तलाव आणि घोडे पाहून परत येऊ नका. रात्री मुलांजवळ कोण झोपतं, ते माणूस तिथे किती वर्षं आहे, मूल रडलं तर कुणाकडे जातं, घरी फोन कधी करू देतात, हे विचारा. मुलांनाच विचारा, तेही अधीक्षक समोर नसताना. उत्तर देताना मुलं खाली पाहू लागली, तर फी कितीही भरायची तयारी असली तरी परत फिरा.

शाळा बदलताना मंडळाचाही विचार करा. पाचगणीच्या जुन्या निवासी शाळांपैकी काही आयसीएसईच्या आहेत. आपल्याकडे राज्य मंडळात, मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला तिथे सगळे विषय इंग्रजीत एकदम समोर येतात. केंद्रीय मंडळांची परीक्षेची नोंदणी नववीत होते, त्यामुळे नववी उलटल्यावर मंडळ बदलणं फार अवघड. आठवी-नववीच्या मुलाला हलवू नका, हे मी निक्षून सांगते. त्या वयात मुलाला मित्र लागतात, आणि दहावीच्या तोंडावर तो नव्या वर्गात एकटा बसलेला असतो. पहिली-दुसरीचं मूल लवकर रुळतं. तिसरी-चौथीचंही रुळतं, थोडं रडून.

जमिनीचं थोडक्यात सांगते, कारण त्यात माणसं पैसे घालवून बसतात. तोरणमाळ, धडगाव, मेळघाट या भागात ‘स्वस्तात प्लॉट’ म्हणून कुणी दाखवायला आलं तर आधी सातबारा पाहा. आदिवासींची जमीन सरकारी परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला घेता येत नाही, आणि घेऊही नये; ती त्यांच्या पोरांच्या तोंडचा घास आहे. बरीच जमीन वनखात्याची असते. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे बांधकामावर कडक बंधनं आहेत. नुसत्या स्टॅम्पपेपरवर लिहून दिलेल्या शब्दावर घर उभं करू नका. भाड्यानं राहा. आणि इथली जमीन विकून तर मुळीच जाऊ नका. ठोक्यानं द्या, निम्मे बटाईनं द्या, पण उतारा तुमच्या नावावर राहू द्या.

आजी-आजोबांचं काय, हा प्रश्न मी विचारला की बहुतेक जण गप्प होतात. आपल्याकडे मूल गल्लीतून चाललं तर दहा जण विचारतात, ‘कुठं चालला रे?’ कधीकधी ते जाचक वाटतं, विशेषतः सुनांना. मला ते समजतं. पण त्याच दहा जणांमुळे मूल कुठे आहे हे आईला कळतं. आखाजीला आत्या येते, झोके बांधले जातात, भरताच्या पंगती बसतात, आजोबा नातवाला केळीच्या बागेत नेतात. डोंगरावरच्या पर्यटनाच्या गावात शनिवार-रविवारी रस्ते भरतात आणि सोमवारी रिकामे होतात; येणारे-जाणारे पुष्कळ, ओळखीचे थोडे. तरीही तिथे माणसं राहतात, त्यांच्या पिढ्या राहतात. पाचगणी-महाबळेश्वरच्या मधलं भिलार २०१७ साली पुस्तकांचं गाव झालं. गावकऱ्यांनी आपल्या घरांचे ओटे आणि खोल्या वाचकांना उघडून दिल्या. अशा गावात जाऊन मिसळायची तुमची तयारी असेल, तिथल्या शेजाऱ्याच्या दुःखाला उभं राहणार असाल, तर तुमच्या मुलालाही तिथे दहा माणसं मिळतील. फक्त हवा घ्यायला आलेल्या घराला मात्र ती मिळणार नाहीत.

मुलाला विचारायचं विसरू नका. ‘तुला डोंगर आवडतो ना?’ असं नाही. त्यावर ते ‘हो’च म्हणणार. ‘तिथे गेल्यावर तुला कशाची आठवण येईल?’ असं विचारा आणि उत्तर पूर्ण होईस्तोवर मधे बोलू नका.

आणि हे सगळं ऐकून ज्यांचं जाणं बारगळेल, त्यांना एक सांगते. आपला सातपुडा घराच्या गच्चीवरून दिसतो आणि आपण त्याच्याकडे वर्षानुवर्षं जात नाही. खिरोद्यावरून वर चढलं की पाल लागतं, यावल अभयारण्याच्या कुशीत. सुकी नदी तिथूनच खाली येते. गारबर्डी धरणाचं पाणी तिचंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे एखादी खोली घेऊन आठ-पंधरा दिवस मुलांसह राहता येतं, बाप सकाळी मळ्यात येऊन संध्याकाळी परत जाऊ शकतो. मुलांना ओढा, साग, रात्रीचं चांदणं, पावरा मुलांशी दोस्ती, सगळं मिळतं. दरवर्षी मे महिन्यात हे केलं तर तुमच्या घरातला निम्मा वाद मिटेल असं मला खात्रीनं वाटतं.

तरीही कुणाचं जायचं ठरलंच, दोघांचं काम तिकडे बसतंय, मूल लहान आहे, डॉक्टरांचा होकार आहे, तर माझा आशीर्वाद घेऊन जा. वर्षभरासाठी जा. इथलं घर बंद करू नका, आईवडिलांच्या औषधपाण्याची व्यवस्था कुणा एकाच्या नावानं ठरवून ठेवा, मुलाचा दाखला एप्रिलमध्येच मागा म्हणजे जूनमध्ये धावपळ होणार नाही. दिवाळीला आणि आखाजीला घरी या. वर्ष संपलं की पुढचं ठरवा, पण ते मेमध्ये नको, ऑगस्टमध्ये ठरवा. तेव्हा तिकडचा पाऊसही पाहून झालेला असेल आणि इकडचं ऊनही उतरलेलं असेल.