सहीचे मोल आणि मालाचे मोल
(बर्फावरील हॉकीतील साधनसामग्रीच्या शिफारस-करारांचा एक अभ्यास)

व्यापाऱ्याच्या घरात वाढणाऱ्या मुलाला अक्षरओळखीबरोबरच एक गोष्ट शिकविली जाते. सही करणे ही सहज करावयाची गोष्ट नव्हे. हुंडीच्या पाठीवर ज्याने सही केली तो त्या व्यवहारात बांधला गेला. ज्याच्यावर हुंडी काढली त्याने ती सकारली नाही, तर हुंडीचा धारक सही करणाराच्या दारी येऊन उभा राहू शकतो. सहीमागे जबाबदारी असते, म्हणूनच सहीला मोल असते.

आधुनिक व्यापारात सहीचा एक निराळाच प्रकार रूढ झाला आहे. एखाद्या कीर्तिमान व्यक्तीने मालावर आपले नाव घालू द्यावे, तो माल चारचौघांत वापरून दाखवावा आणि त्याबद्दल उत्पादकाकडून द्रव्य घ्यावे, असा हा व्यवहार आहे. इंग्रजीत हुंडीच्या पाठीवरील सहीला जो शब्द आहे तोच या प्रकारालाही लावतात. शब्द एक झाला. परंतु जबाबदारीही एकच आहे काय? या प्रश्नाचा विचार करण्यास कॅनडा व अमेरिकेतील व्यावसायिक हॉकीचे उदाहरण फार उद्बोधक आहे. तेथे माल हजारो प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत वापरला जातो, आणि तरीही गिऱ्हाइकाची समजूत व वस्तुस्थिती यांत अंतर पडू शकते.

खेळ आणि त्याचे खरे गिऱ्हाईक

हॉकी म्हटले की आपल्यासमोर ध्यानचंद यांचे नाव आणि १९२८, १९३२ व १९३६ ची ऑलिंपिक सुवर्णपदके उभी राहतात. तो खेळ मैदानावरचा. येथे ज्या हॉकीचा विचार करावयाचा आहे ती बर्फावर खेळली जाते. पायांत पोलादी पात्यांचे स्केट्स, हातात लांब वळणदार काठी आणि चेंडूऐवजी रबराची कठीण चकती, असे तिचे स्वरूप आहे. या खेळातील प्रमुख व्यावसायिक संस्था नॅशनल हॉकी लीग ही १९१७ साली मॉन्ट्रियल येथे स्थापन झाली. आज तिच्यात कॅनडा व अमेरिकेतील ३२ संघ आहेत.

या खेळाला सामग्री फार लागते. स्केट्स, काठी, हातमोजे, शिरस्त्राण, खांदे, कोपरे व नडगी यांची संरक्षक आवरणे, आणि गोलरक्षकासाठी मोठाले पॅड. संघातील व्यावसायिक खेळाडूस ही सामग्री संघाकडूनच पुरविली जाते. परंतु त्या देशांत लहानलहान मुलेही हा खेळ खेळतात, आणि त्यांची सामग्री आईबापांना पदरच्या पैशाने घ्यावी लागते. मूल वाढले की स्केट्स लहान होतात, काठ्या मोडतात आणि पुन्हा खरेदी करावी लागते. सारांश, खेळाडू हा या बाजारातील खरा ग्राहक नव्हे. खरा ग्राहक म्हणजे दूरचित्रवाणीवर खेळाडूच्या हातातील काठी पाहणारा मुलगा आणि तिचे दाम मोजणारा त्याचा बाप. हे ध्यानी घेतले म्हणजे कराराचे सारे मर्म उलगडते.

कराराचे स्वरूप

लोकांची अशी समजूत असते की, ज्याच्या हातात अमुक कंपनीची काठी दिसते त्या प्रत्येकाला कंपनी पैसे देते. वस्तुतः तसे नाही. रोख मोबदला मुख्यतः मोजक्या नामवंतांनाच मिळतो. त्यांच्याखालच्या पायरीवरील खेळाडूंना मापानुरूप बनविलेला माल आणि जुजबी लाभ मिळतात. इतर अनेकांचा कसलाच करार नसतो. त्यांना आवडणारा माल त्यांचा संघ विकत घेतो. करार कधी काठीपुरता, कधी स्केट्सपुरता, तर कधी डोक्यापासून पायापर्यंतच्या सर्व सामग्रीचा असतो. पायाला सरावलेले स्केट्स बदलण्यास खेळाडू सहसा नाखूश असतात, म्हणून तेवढी वस्तू कराराबाहेर ठेवण्याची तडजोडही होते.

यात तिसरा एक पक्षही आहे. सामन्यात मालावरील नाव प्रेक्षकांना दिसावयाचे असेल, तर उत्पादकाला लीगकडे परवाना-शुल्क भरावे लागते. ते न भरणाऱ्याच्या मालावरील नाव झाकावे लागते. म्हणजे खेळाडूच्या हाताचे भाडे वेगळे, आणि मालावरील नाव दिसण्याचे भाडे वेगळे.

नावाने माल कसा विकला जातो

हा व्यवहार नवा नाही. १९६० च्या दशकात कॅनडातील ईटन या प्रसिद्ध वस्तुभांडाराने गॉर्डी हाऊ यांच्या नावावर आपल्या ‘ट्रूलाइन’ क्रीडासाहित्याचा खप वाढविला. त्याच दशकाच्या आरंभी शिकागो संघाचे स्टॅन मिकिता यांची काठी सरावात तडकून वाकली, आणि त्या वाकड्या पात्याने मारलेली चकती विलक्षण वेगाने व अनपेक्षित दिशेने जाते, असे त्यांना आढळले. मिकिता व त्यांचे सहकारी बॉबी हल यांनी ती वळणदार पाती मुद्दाम बनवून घेतली, आणि पुढे साऱ्या जगाने तिचा स्वीकार केला. येथे खेळाडूच्या नावामागे खरा अनुभव होता. मालाची सुधारणा त्याच्या हातून झाली होती.

वेन ग्रेट्झ्की यांचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १९८१–८२ च्या हंगामात त्यांनी ९२ गोल केले. त्या दशकात त्यांच्या हातात फिनलंडची ‘टायटन’ काठी व मस्तकावर स्वीडनचे ‘जोफा’ शिरस्त्राण असे. पुढे, १९९० च्या सुमारास, त्यांनी ‘ईस्टन’ कंपनीची ॲल्युमिनियमची काठी हाती घेतली. लाकडाच्या काठीवर पिढ्यान्‌पिढ्या भरवसा ठेवलेल्या गिऱ्हाइकाला धातूची काठी पटविणे सोपे नव्हते. ग्रेट्झ्की यांच्या हाताने ते काम पुष्कळसे केले. २००० सालानंतर कार्बनतंतूंच्या एकसंध काठ्या आल्या, आणि अल्पावधीतच लीगमधून लाकूड जवळजवळ हद्दपार झाले. आज उत्तम प्रतीच्या एका काठीला ३०० डॉलरांहून अधिक पडतात. जुन्या लाकडी काठीच्या मानाने ही किंमत कितीतरी पट आहे.

नाव आणि माल यांचा संबंध मात्र दरवेळी इतका घट्ट नसतो. काठीच्या पात्याची वळणे ठरावीक असून ती खेळाडूंच्या नावाने विकली जातात. ‘बाउअर’ कंपनीचे पी-९२ हे वळण एके काळी मार्कस नॅस्लुंड यांच्या नावाने विकले जाई. पुढे त्याच वळणाला निकलास बॅकस्ट्रॉम यांचे नाव लागले. करार बदलला म्हणून नाव बदलले. वळण होते तेच राहिले. नावासाठी जादा दाम मोजणाऱ्या ग्राहकाने हे समजून घेण्यासारखे आहे.

रंगविलेली काठी

याच्याही पुढची एक प्रथा या धंद्यातील जाणकारांना चांगली ठाऊक आहे. कंपनी दरवर्षी नवा नमुना बाजारात आणते आणि नामवंत खेळाडूच्या हातात तो दिसावा अशी तिची इच्छा असते. परंतु खेळाडूचा हात जुन्या काठीला सरावलेला असतो. तेव्हा पूर्वीच्याच घडणीची काठी बनवून तिच्यावर नव्या नमुन्याची रंगरंगोटी केली जाते. खेळाडू खेळतो जुन्या काठीने, आणि प्रेक्षकाला दिसते नवी.

या प्रथेत खेळाडूला दोष देणे सर्वस्वी न्याय्य होणार नाही. आपल्या हाताला साधेल त्याच हत्याराने काम करावे, हा कारागिराचा हक्कच आहे. कंपनीही म्हणेल की, काठी आमचीच आहे. परंतु दुकानात उभा असलेला बाप कशाबद्दल पैसे मोजतो? ‘अमुक खेळाडूने हा नमुना पसंत केला’ या साक्षीबद्दल. आणि नेमकी तीच साक्ष येथे खरी नसते. आपल्याकडे नमुन्याचा माल एक आणि पोत्यातला माल दुसरा, असे करणाऱ्या अडत्याला बाजार काय म्हणतो, हे वाचकांस सांगावयास नको.

नाव विकत मिळते, पत मिळत नाही

शिफारशीच्या बळावर धंदा कोठवर जातो, याचा एक धडा मोठ्या भांडवलदारांनीही घेतला आहे. बाउअर कुटुंबाने १९२७ साली कॅनडातील किचनर गावी स्केट्सचा धंदा सुरू केला. १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘नायके’ या विख्यात कंपनीने तो सुमारे ४० कोटी डॉलरांना विकत घेतला. नायकेजवळ पैसा अमाप आणि नामवंतांशी करार करण्याची हातोटी जगप्रसिद्ध. तिने सर्गेई फेदोरोव्ह या तेजस्वी रशियन खेळाडूच्या पायांत आपल्या नावाचे पांढरे स्केट्स घातले. ते पाहून लोक चकित झाले. पण बाउअरवरचा त्यांचा विश्वास नायकेच्या नावाकडे वळला नाही. अखेर २००८ साली नायकेने तो धंदा २० कोटी डॉलरांना, म्हणजे खरेदीच्या निम्म्या किमतीला, विकून टाकला. १८९९ साली स्थापन झालेल्या सी. सी. एम. या दुसऱ्या जुन्या पेढीचेही असेच झाले. ती हातोहात फिरत ‘आदिदास’कडे आली, आणि २०१७ साली आदिदासनेही ती विकली.

पुढे बाउअरची मालक असलेल्या कंपनीने २०१६ च्या जानेवारीत प्रतिस्पर्धी ईस्टनचा हॉकीचा धंदा घेतला, आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तिला दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घ्यावा लागला. मालक बदलला, बाउअरचे स्केट्स मात्र विकले जातच राहिले. ग्राहकाच्या पायाला जो माल वर्षानुवर्षे मानवला, त्याची पत मालकाच्या जमाखर्चाहून चिवट ठरली.

शिरस्त्राणाचा प्रश्न

काठीच्या बाबतीत ग्राहकाचे नुकसान झाले तर ते पैशाचे. शिरस्त्राणाच्या बाबतीत प्रश्न मुलाच्या मेंदूचा आहे, आणि येथे या साऱ्या विषयाला खरे गांभीर्य येते.

२०१५ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातील ३२ हॉकी शिरस्त्राणांची परीक्षा करून आपले निष्कर्ष लोकांसमोर मांडले. आघातापासून मेंदूचे रक्षण किती होते, याला पाचपर्यंत तारे द्यावयाचे होते. पाच अथवा चार तारे एकालाही मिळाले नाहीत. तीन तारे एकाच शिरस्त्राणास मिळाले, आणि नऊ शिरस्त्राणे शिफारस करण्यास योग्य नाहीत असे ठरले. कीर्तिमान खेळाडूंची मस्तके इतकी वर्षे जाहिरातीत झळकत होती. तथापि त्या साऱ्या झगमगाटातून हे एक साधे मोजमाप ग्राहकाला कधी मिळाले नव्हते.

त्याआधी, २०१४ साली, कॅनडाच्या व्यापार-स्पर्धा नियामक कार्यालयाने बाउअरच्या ‘री-ॲक्ट’ शिरस्त्राणाच्या जाहिरातींना हरकत घेतली होती. मेंदूस बसणाऱ्या धक्क्यापासून रक्षणाचा जो आभास त्या जाहिराती निर्माण करीत होत्या, त्याला पुरेशा चाचणीचा आधार नाही, असे कार्यालयाचे म्हणणे होते. कंपनीने ती विधाने मागे घेतली आणि ५ लाख डॉलर किमतीचे क्रीडासाहित्य धर्मादाय देण्याचे मान्य केले. विद्यापीठाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षांत उत्पादकांनी रचना सुधारल्या, आणि अधिक तारे मिळविणारी शिरस्त्राणे बाजारात आली. ही सुधारणा घडविली ती उघड मोजमापाने. सहीने ती घडली नव्हती.

आपणांस घ्यावयाचा बोध

हा विषय दूरदेशीचा असला तरी त्याचा कायदा आता आपल्या दुकानापर्यंत आला आहे. भारताच्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाबरोबर शिफारस करणारासही १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तोच अपराध घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्याला काही काळ शिफारस करण्यास बंदीही करता येते. मालाविषयीच्या विधानाची योग्य ती शहानिशा आपण केली होती, असे दाखवून दिले तरच तो दंडातून सुटतो. जून २०२२ च्या मार्गदर्शक नियमांनी तर शिफारस करणारा व व्यापारी यांच्यात आर्थिक संबंध असल्यास तो उघड करण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे हुंडीच्या पाठीवरील सही आणि मालावरील सही यांतले अंतर कायदा हळूहळू मिटवीत आहे. आपल्या पेढ्यांना जे पूर्वापार ठाऊक होते, तेच नव्या भाषेत लिहिले जात आहे.

दुकानात एखाद्या नामवंताच्या चित्राचा माल विक्रीस ठेवताना चार गोष्टी तपासाव्यात. एक, शिफारस करणारा तो माल खरोखर वापरतो काय. दोन, तो वापरतो तोच माल आपण विकतो आहोत काय. तीन, त्याच्या गरजेचा माल आपल्या गिऱ्हाइकाच्या गरजेचा आहे काय. बलदंड खेळाडूची ताठ काठी दहा वर्षांच्या मुलाच्या हाती निरुपयोगीच ठरते. चार, जेथे जिवाचा प्रश्न आहे तेथे चित्राखेरीज चाचणीचा दाखला आहे काय. या चारांपैकी एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर गिऱ्हाइकाला ते स्पष्ट सांगावे. त्या दिवशीची एक विक्री जाईल. परंतु तो गिऱ्हाईक पुढच्या वेळी आपल्याच ओट्यावर येईल. नामवंताची सही कराराच्या मुदतीपुरती असते. दुकानदाराचा शब्द मात्र त्याच्या मुलाबाळांनाही चालवावा लागतो.

घरातील तरुणांनी विचार करावयाचे प्रश्न

१. हुंडीच्या पाठीवर सही करणारा आणि जाहिरातीत सही देणारा, यांच्या जबाबदारीत साम्य कोणते व भेद कोणता?
२. रंगविलेल्या काठीच्या प्रथेत खेळाडू, कंपनी व दुकानदार यांपैकी कोणाचा किती वाटा आहे?
३. आपल्या दुकानातील कोणता माल केवळ नावावर खपतो आणि कोणता गुणावर? महिनाभर टिपण ठेवून पाहावे.