नोंदवहीतले नाव

अहमदनगर,
ता. १२ ऑगस्ट १९५७

चि. बाळ यास,

परवा तुझी आत्या मुंबईहून आली आणि प्रवासाचे बोचके सोडण्यापूर्वीच तिने जी वार्ता सांगितली, तिने माझी झोप उडाली आहे. गेले आठ महिने तू उपासनेस जात नाहीस, एवढेच असते तर तरुणपणाची मरगळ समजून मी स्वस्थ राहिलो असतो; परंतु मंडळीच्या नोंदवहीतून आपले नाव कमी करावे, असा अर्ज तू इकडे धाडणार आहेस, असे ती म्हणते. हे खरे आहे काय? आणि खरे असेल, तर तो अर्ज कोणाच्या हाती पडणार, याचा विचार तुझ्या मनाला शिवला काय? सत्तावीस वर्षे ती वही माझ्या कपाटात आहे. तुझ्या बाप्तिस्म्याची नोंद माझ्या हातची आहे, आणि तिच्यावर रेघ मारायची तीही मीच.

ख्रिस्त हवा, मंडळी नको. नवा करार उशाशी आहे, प्रार्थना खोलीत होते, मग रविवारी बाकावर जाऊन बसण्याचे प्रयोजन काय, असा तुझा युक्तिवाद आत्याने सांगितला, आणि वर तू रेव्हरंड टिळकांचा दाखला देतोस हेही सांगितले. बाळ, अर्ध्या दाखल्यावर फैसला देणे तुझ्या बाबांच्या मुलास शोभत नाही. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्यास गेले, ही गोष्ट खरी. परंतु तेथे जाऊन त्यांनी काय केले? एकांतात बसून ख्रिस्ताला आळवले नाही, तर बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तभक्त एकत्र यावेत म्हणून ‘देवाचा दरबार’ मांडला. ज्याला चार भिंती अपुऱ्या वाटल्या त्याने अंगण मोठे केले; तू मात्र घराबाहेर पडून दार लावून घेऊ पाहतोस.

‘मंडळी’मागचा मूळ ग्रीक शब्द एक्लेसिया. नगरातील नागरिकांना हाक घालून बोलावीत आणि त्यांची जी सभा भरे, तिचे ते नाव. आमच्या भाषांतरकारांनी त्यासाठी देऊळ हा शब्द घेतला नाही, मंदिर घेतला नाही. ‘मंडळी’ हा शब्द घेतला, जो आपण घरच्या माणसांना लावतो, पंक्तीला बसलेल्यांना लावतो, आणि जुने लोक तर पत्नीलाही लावीत. माझ्या मते, मंडळी कशासाठी, या तुझ्या प्रश्नाचे उत्तर त्या शब्दातच आहे. आरंभीची मंडळी कशी होती तेही पाहा. इसवी सन १५५च्या सुमारास रोम येथे जस्टिन हुतात्मा याने बादशहाला उद्देशून ख्रिस्ती लोकांच्या वतीने एक खुलासा लिहिला. रविवारी लोक जमतात, प्रेषितांच्या आठवणी आणि संदेष्ट्यांचे लेख वाचले जातात, भाकर आणि द्राक्षारस यांवर उपकारस्तुती होते, ज्याची ऐपत असेल तो स्वेच्छेने द्रव्य देतो आणि त्यातून अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांचा सांभाळ होतो, असा त्यातील मजकूर आहे. परंतु मला त्यातील एक बारीकशी गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. जे त्या दिवशी येऊ शकले नाहीत, त्यांच्या वाट्याची भाकर सेवकांच्या हाती त्यांच्याकडे पोहोचविली जाई. म्हणजे कोण आले नाही, हे कोणाला तरी ठाऊक असे. पुढे शंभर वर्षांनी, नुकताच घोर छळ सोसलेल्या त्याच रोमच्या मंडळीवर पंधराशेहून अधिक विधवांचा आणि गरजवंतांचा भार होता, हे तिच्या बिशपाच्या पत्रात नमूद आहे. एवढ्या माणसांना नावानिशी ओळखल्याशिवाय त्यांच्या मुखी घास पडत नाही. माझी नोंदवही त्याच वहिवाटीतली आहे, आणि तिच्यातून तू नाव खोडायला सांगतोस.

मीही एकदा असाच बाहेर पडलो होतो. हे तुझ्या बाबांना ठाऊक होते, तुला कधी सांगितले नाही. धर्मादाय पेटीच्या हिशेबात चार रुपयांचा फरक निघाला आणि संशयाचे बोट माझ्याकडे वळले. मी निर्दोष होतो. पण चोवीस वर्षांचा होतो, आणि त्या चार रुपयांपायी मी तीन वर्षे देवळाची पायरी चढलो नाही. त्याच काळात १९१८ची मानमोडी आली. माझ्या शाळेतला, एका बाकावर माझ्याशेजारी बसणारा मित्र मागच्या गल्लीत तापाने पडला. लागोपाठ दोन रविवारी उपासनेत त्याचे नाव घेऊन प्रार्थना झाली, माणसे त्याच्याकडे जाऊन आली, आणि मी आपल्या खोलीत नवा करार वाचीत बसलो होतो. मला कळले तेव्हा तिसरा दिवस उलटला होता. मी त्याच्या मातीलाही नव्हतो. पुढच्याच आठवड्यात तुझे बाबा, तेव्हा बारा वर्षांचे पोर, अंथरुणास खिळले, तर दारात पेजेचे भांडे घेऊन कोण उभे राहिले म्हणतोस? ज्यांनी माझ्यावर संशय घेतला होता तेच गृहस्थ. अकरा दिवस ते येत होते. चार रुपयांचा शब्दही त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. तुझे बाबा जगले ते त्या पेजेवर.

मी कठोर लिहिले, हे मला कळते. तुझी तक्रार खोटी नाही, हेही कळते. लग्नाच्या बोलणीत, एकाच प्याल्यातून प्रभुभोजन घेणाऱ्या माणसाने तुला ‘मूळचे कोण?’ असे विचारावे, याहून लाजिरवाणे काय असेल? करिंथ येथील मंडळीतही सुखवस्तू लोक आधी जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत; पौलाने त्यांची चांगली कानउघाडणी केली, पण उपाशी राहिलेल्यांना निघून जा असे सांगितले नाही; जेवणाऱ्यांना सांगितले की भावंडांची वाट पाहा. हे मी आता लिहितो आहे. त्या बैठकीत तुझ्या उजव्या हाताला मी बसलो होतो. प्रश्न आला तेव्हा तू माझ्याकडे पाहिलेस, आणि मी खाली चटईकडे पाहत राहिलो. मुलीकडची माणसे दुखावतील, जुळत आलेले मोडेल, असे काहीबाही मनात होते. मोडायचे ते मोडलेच. तुझ्या अर्जात कारणाच्या रकान्यात काय लिहिणार आहेस, हे मला विचारण्याचे धैर्य नाही. मला क्षमा कर.

आत्या म्हणते तू वाळला आहेस आणि खानावळीचे जेवण तुला सोसत नाही. तुझी काकू उद्यापासून शेंगदाण्याची चटणी कुटायला घेते आहे. कोणी मुंबईस जाणारे भेटले तर त्यांच्याबरोबर देईन. खोकला राहिला आहे का, ते कळव.

आणि तो अर्ज द्यायचाच असला, तर बाळ, टपालाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये. रात्रीच्या गाडीने आलास तरी दार उघडे असेल. आधी जेवू, मग वही काढू. तुझ्या नोंदीच्या वर तीन ओळी सोडून तुझ्या आईबाबांच्या लग्नाची नोंद आहे, ती तू कधी पाहिलेली नाहीस. त्यांच्या सह्या आहेत त्यात. तुझ्या आईची सही थोडी वाकडी आली आहे, हात कापत होता तिचा.

तुझा,
काका