आजचं चिंतन : गीता १२.१५

काल मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर माझ्यावर ओरडले. चूक त्यांचीच होती. एकलहऱ्याला घरी आलो आणि राग काढला आईवर, तोही भाजीतल्या मिठावरून.

बाराव्या अध्यायातल्या १५व्या श्लोकात भगवंत सांगतात, लोकांमुळे ज्याला उद्वेग होत नाही तो भक्त मला प्रिय. हे आपल्याला लगेच पटतं. पण त्याआधीची अट आपण पटकन वाचून पुढे जातो: त्याच्यामुळेही कुणाला उद्वेग होत नाही. साहेबांचा उद्वेग घरापर्यंत मीच वाहून आणला ना!

याचा अर्थ ऑफिसात मुकाट सोसायचं, असा नाही. गीता सांगितली तीच रणांगणावर. आजपासून प्रत्येक सूचना मेलवर लेखी मागणार आहे, शांतपणे. आईची माफी मात्र अजून मागायची राहिलीये.