जुन्या संगणकाची नवी स्मृती

एका तालुक्याच्या गावी एक जुने वाचनालय आहे. तेथील संगणकास पंधरा वर्षे झाली होती. सकाळी कळ दाबल्यानंतर त्याच्या पडद्यावर काही दिसू लागेपर्यंत ग्रंथपालबाईंची सारी वर्तमानपत्रे मेजावर मांडून होत. वाचकांनाही त्याची सवय जडली होती. परंतु एके दिवशी त्या पेटीतून 'टक्, टक्' असा आवाज येऊ लागला आणि काही पुस्तकांच्या नोंदी उघडेनाशा झाल्या.

बाईंचा चेहरा उतरला. वाचनालयातील अकरा हजार पुस्तकांची नोंद त्यांनी सहा वर्षे खपून त्या संगणकात उतरविली होती. ज्या वह्यांवरून ती उतरविली, त्यांपैकी चार वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. कोणते पुस्तक कोणी भेट दिले, ते कोणत्या साली आले, हे सारे आता त्या एका पेटीतच होते; आणि पेटीतही तळहातावर मावेल अशा एका वस्तूत होते. त्या वस्तूस हार्ड डिस्क म्हणतात.

हार्ड डिस्क म्हणजे संगणकाची कायमची स्मृती होय. तिच्या बंद डबीत आरशासारख्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्यांवर चुंबकीय द्रव्याचा अत्यंत पातळ लेप दिलेला असतो. ग्रामोफोनच्या तबकडीवर जशी सुई, तसा येथे एक लहानसा दांडा असतो आणि त्याच्या टोकास 'हेड' नावाचा भाग असतो. मात्र सुई तबकडीस घासते, हेड तिला शिवत नाही. दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीहून हजारो पटींनी कमी असते. एवढ्याशा फटीत धुळीचा कण शिरला तरी अनर्थ ओढवतो; म्हणून ही डबी घरी उघडून पाहण्याचा मोह कोणी धरू नये.

अशी पहिली डिस्क १९५६ साली आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने बाजारात आणली. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथे ती तयार झाली होती. तीत सुमारे दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या यंत्राचे वजन जवळजवळ एक टन भरे. एवढा पसारा मांडून तीत मावत ती ५० लाख अक्षरे! प्रत्येक पुस्तकाची नोंद ३०० अक्षरांची धरली, तर या वाचनालयाची नोंद ३३ लाख अक्षरांची होते. म्हणजे ती त्या यंत्रात मावली असती. बाईंच्या संगणकातील डिस्क ३२० जीबीची, म्हणजे ३२० अब्ज अक्षरांची होती. त्या अजस्र यंत्राच्या ६४ हजार पट मजकूर ती तळहाताएवढ्या डबीत साठवीत होती.

मग असा संगणक इतका मंद का चालावा? त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, काही मंद नसतो. डिस्कच्या तबकड्या मिनिटास ७,२०० फेरे घेतात; म्हणजे सेकंदास १२०. हवा असलेला मजकूर फिरत हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा लागतो, आणि त्याआधी हेडला योग्य जागी सरकावे लागते. या दोन्हींस मिळून सेकंदाचा सुमारे ऐंशीवा भाग जातो. आपणांस तो क्षणही वाटत नाही. परंतु सेकंदास दोनशे कोटी ठोके देणाऱ्या प्रोसेसरचे तेवढ्यात अडीच कोटी ठोके वाया जातात. संगणक सुरू होताना असे थांबणे हजारो वेळा घडते. बिचारा मेंदू स्मृतीची वाट पाहत बसलेला असतो!

बाईंनी शेजारच्या गल्लीतील कारागिरास बोलावले. त्याने आवाज ऐकताच संगणक बंद करविला. "बाई, आजारी डिस्कला जितके कमी पळवावे तितके बरे," तो म्हणाला. जुन्या डिस्कच्या जागी ५०० जीबीची एसएसडी बसवावी असे ठरले. एसएसडीत तबकडी नसते, हेड नसते, फिरणारे काहीच नसते. फुजिओ मासुओका या जपानी शास्त्रज्ञाने १९८० नंतरच्या दशकात जी फ्लॅश स्मृती शोधून काढली, तिच्या चकत्या या डबीत असतात व विजेच्या सूक्ष्म भाराच्या रूपाने मजकूर साठवितात. तेथे हवी ती गोष्ट सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत हाती लागते.

वाचनालयात नित्य येणारी सातवीतील एक मुलगी तेथेच उभी होती. "दादा, मग आणखी मोठीच का घेऊ नये?" तिने विचारले. कारागिराने समजावून सांगितले, की जुने संगणक डिस्कचे लहान लहान खंड पाडतात आणि प्रत्येक खंडास क्रमांक देतात. जुन्या पद्धतीत हे क्रमांक ४,२९,४९,६७,२९६ पर्यंतच जातात. एका खंडात ५१२ अक्षरे. म्हणून गुणाकार २,२०० अब्जांपाशी संपतो. याहून मोठी डिस्क आणली, तर पुढचा भाग त्या पद्धतीस दिसतच नाही. शिवाय वाचनालयास एवढी जागा हवी होती कशाला?

दुसऱ्या दिवशी काम सुरू झाले. कारागिराने विजेची वायर काढली, राहिलेली वीज उतरावी म्हणून सुरू करावयाची कळ काही क्षण दाबून धरली आणि पेटीच्या उघड्या पत्र्यास हात लावला. अंगावर साठलेल्या विजेची बारीकशी ठिणगीही नाजूक भागांस पुरे होते. मग त्याने जुनी डिस्क न काढता नवी तिच्या शेजारी जोडली. तिच्या केबलीचे तोंड काटकोनात वळलेले असते. ते उलटे बसतच नाही. ज्याने ही युक्ती योजिली त्याने असंख्य डिस्का वाचविल्या असतील.

प्रथम पुस्तकांच्या नोंदी तेवढ्या पेन ड्राइव्हवर उतरवून घेतल्या. जी वस्तू पुन्हा मिळावयाची नाही ती आधी बाहेर काढावी, आणि मग उरलेल्या सामानाकडे वळावे, हा क्रम आग लागलेल्या घरीही हाच असतो. त्यानंतर संपूर्ण जुनी डिस्क नव्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवावयाची होती. पडद्यावर प्रश्न आला: कोठून घ्यावयाचे, आणि कोठे लिहावयाचे?

येथे उत्तर उलटे दिले गेले, तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते आणि सहा वर्षांचे काम पुसले जाते. पडद्यावर दोन आकडे होते: २९८ आणि ४६५. कारागिराचे बोट कळीपाशी गेले.

"थांबा दादा," मुलगी म्हणाली. "आपली तर ३२० आणि ५०० आहे. हे आकडे कोणाचे?"

कारागिरास उत्तर ठाऊक होते. पण त्याने बोट मागे घेतले. विकणारा हजाराच्या पटीने मोजतो व संगणक १,०२४ च्या पटीने मोजतो. म्हणून ३२० चे २९८ आणि ५०० चे ४६५ दिसतात. डिस्क तीच असते, माप निराळे. तरीही तिघांनी दोन्ही डबींवरील क्रमांक पडद्यावरील क्रमांकांशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहिले. मगच कळ दाबली गेली.

नक्कल संध्याकाळपर्यंत चालली. मधूनमधून 'टक्, टक्' होई आणि बाईंच्या हातातील शिवण थांबे. शेवटी जुनी डिस्क सोडवून नुसत्या नव्या डिस्कवर संगणक सुरू केला. बाई सवयीने वर्तमानपत्रांकडे वळल्या होत्या. पहिले उचलतात तोच पडदा तयार झाला! खरे पाहता त्या जुन्या संगणकातील मार्ग अरुंद असल्यामुळे नव्या डिस्कचा पुरता वेग तेथे मिळत नव्हता. परंतु वाट पाहणे संपले होते, आणि फरक पडला तो त्यामुळेच.

जुनी डिस्क बाईंनी पुसू दिली नाही. कापडात गुंडाळून, तारीख लिहून त्यांनी ती कपाटात ठेवली. पेन ड्राइव्ह त्या घरी घेऊन गेल्या; एकाच छपराखाली सर्व प्रती असू नयेत, असे त्यांचे म्हणणे पडले.

मग नोंदींची तपासणी झाली. चौदा जागा कोऱ्या निघाल्या. डिस्कचा तेवढा भाग वाचताच आला नव्हता. मुलीने क्रमांकांची यादी केली व ती रोज शाळा सुटल्यावर येऊन कपाटे धुंडाळू लागली. पुस्तक सापडले, की आतल्या पानावरील शिक्का आणि देणगीदाराचे नाव पाहून बाई नोंद पुन्हा भरीत. आठवड्याभरात बारा पुस्तके मिळाली. उरलेली दोन कोणी वाचावयास नेली आणि परत केली नाहीत. त्यांची नावेही आता कोणास आठवत नाहीत. त्या दोन क्रमांकांपुढील जागा अद्याप कोरी आहे.