धुराचा रंग ओळखा!

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या. पण ही गोष्ट मराठीतच लिहायला हवी, कारण हा धडा मी गॅरेजमध्ये मराठीतूनच शिकलो.

दिवाळीच्या सुट्टीत कराडला मामांकडे गेलो होतो. मामांचा ट्रक २०१२ चा, बीएस-३ इंजिनचा. उसाचा सीझन तोंडावर आणि ट्रक पीयूसीत नापास!

डिझेल गाडीची टेस्ट सोपी असते. इंजिन गरम करायचं, गाडी न्यूट्रलला ठेवायची आणि अ‍ॅक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबायचा. धुरामुळे प्रकाश किती अडतो ते स्मोक मीटर मोजतं. असं दोन-चार वेळा करून सरासरी काढतात. बीएस-३ पर्यंतच्या गाड्यांना मर्यादा २.४५ प्रति मीटर, बीएस-४ ला १.६२. आमचं रीडिंग आलं ३.४!

तिथल्याच एकाने सल्ला दिला, "पंपाचा स्क्रू फिरवा, डिझेल कमी करा. टेस्ट झाली की परत होता तसा करा." मामा जवळजवळ तयार झाले होते. मी म्हटलं, "मामा, मला दोन दिवस द्या."

आता मुद्द्याचं. धुराचे रंग तीन.

काळा : डिझेल जास्त, हवा कमी. एअर फिल्टर चोक, टर्बोचा पाइप लीक किंवा नोझल खराब.

पांढरा : डिझेल न जळताच बाहेर पडतंय. थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर चालतं. गरम झाल्यावरही आला तर टायमिंग किंवा कॉम्प्रेशन बघा. सोबत रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

निळा : इंजिन ऑइल जळतंय. पिस्टन रिंग, व्हॉल्व्ह गाइड नाहीतर टर्बोचं सील. इथे खर्च मोठा!

आमचा धूर काळा. मी लगेच पंपाच्या टायमिंगवर लेक्चर द्यायला लागलो. मिस्त्री हसले. म्हणाले, "इंजिनिअर साहेब, आधी श्वास बघा, मग पोट!" म्हणजे आधी हवा, मग डिझेल. आधी स्वस्त काम, मग महाग. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर दोष कुठे होता ते कधीच कळत नाही.

एअर फिल्टर मातीने भरला होता. नवा टाकला, रीडिंग ३.१. इंटरकूलरच्या पाइपचा क्लॅम्प सैल होता, हवा बाहेर जात होती. तो आवळला, २.७. मग नोझल काढून टेस्टरवर लावले. सहापैकी दोन नोझल फवारा मारायच्या ऐवजी चक्क थेंब गाळत होते. ते बदलले आणि रीडिंग आलं १.८. पास! टायमिंगला हातही लावावा लागला नाही.

मग स्क्रूची युक्ती का नको? डिझेल कमी केलं की पॉवर कमी होते. भरलेला ट्रक चढाला दम टाकतो, म्हणून ड्रायव्हर स्क्रू परत फिरवणारच. सर्टिफिकेट खिशात आणि धूर रस्त्यावर! तो धूर म्हणजे मामांनीच पैसे मोजून भरलेलं डिझेल, आणि तो पहिला जातो ट्रकवरच्या क्लीनरच्या छातीत.

आता चढाला गाडी आधीपेक्षा चांगली ओढते, असं मामा फोनवर सांगत होते. व्हायवात मला काय विचारतील माहीत नाही, पण "आधी श्वास, मग पोट" हे मी विसरणार नाही.

— टी. ई. मेकॅनिकल