‘मोहिनी’ : शब्दार्थ व व्यवहार

श्रींच्या दर्शनार्थ येणारे काही भाविक कार्यालयात येऊन संकोचाने एक पृच्छा करीत असतात. मागे एक वृद्ध माता म्हणाल्या, “साहेब, सुनेनं माझ्या लेकावर मोहिनी घातलीय. ती उतरवायचा काही तोडगा मिळेल का?” असा तोडगा कोणत्याही मंदिरात नसतो, हे त्यांना नम्रपणे सांगितले. तथापि त्यांच्या मुखातील ‘मोहिनी’ या शब्दाचा विचार भाविकांपुढे मांडणे इष्ट वाटते.

संस्कृतातील ‘मुह्’ या धातूचा अर्थ भान हरपणे, गोंधळून जाणे असा आहे. मोह, मोहन, मोहिनी, संमोहन हे शब्द त्यापासूनच सिद्ध झाले. ‘मूढ’ आणि ‘मुग्ध’ ही तर सख्खी भावंडे. परंतु एक निंदेचा शब्द झाला, दुसरा कौतुकाचा. (मोहाच्या फुलांशी मात्र याचा संबंध नाही. तो शब्द ‘मधूक’ यापासून आला आहे.)

व्यवहारातही हाच दुहेरी अर्थ आढळतो. तान्ह्या बाळाने घरादाराला मोहिनी घातली, असे आपण कौतुकाने म्हणतो. कीर्तनकारांच्या वाणीची श्रोत्यांवर मोहिनी पडली, असेही म्हणतो. तोच शब्द सुनेविषयी निघाला की आरोप ठरतो. येथे क्रियापद लक्षात घ्यावे. ‘पडली’ म्हटल्यास कोणी दोषी उरत नाही. ‘घातली’ म्हटल्यास घालणारा शोधावा लागतो.

श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधात समुद्रमंथनाची कथा आहे. श्रीविष्णूंनी मोहिनीरूप धारण केले, तेव्हा अमृतकुंभ असुरांच्या हाती होता. आपल्यासारख्या अपरिचित स्त्रीवर विश्वास कसा ठेवता, असे मोहिनीने स्वतःच त्यांना विचारले. तरीही त्यांनी आपण होऊन कुंभ तिच्या स्वाधीन केला. तिने मंत्र म्हटला नाही की गंडा बांधला नाही. भान हरपले ते असुरांचे.

या मोहिनीरूपाचे प्रसिद्ध स्थान आपल्यापासून दूर नाही. चिकलठाण्याहून छत्रपती संभाजीनगरमार्गे अहिल्यानगर रस्त्याने निघाल्यास कायगाव येथे गोदावरी ओलांडावी लागते व पुढे प्रवरातीरी नेवासे लागते. तेथे श्रीमोहिनीराजाचे मंदिर आहे. राहूचे शिर राहुरी येथे व काया कायगाव येथे पडली, अशी या परिसराची लोकपरंपरा आहे. याच नेवाशात शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० मध्ये श्रीज्ञानेश्वर माउलींनी गीतेवरील भाष्य सांगितले. ज्या खांबास टेकून ते सांगितले, तो ‘पैस’ खांब आजही तेथे दाखविला जातो.

विशेष असे की, मोहिनीराजाच्या गावी सांगितला गेलेला हा ग्रंथ मोह जाण्याचा आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात अर्जुन कबूल करतो की त्याचा मोह नष्ट झाला आणि स्मृती परत लाभली. म्हणजे मोहावरचा उतारा गंडा वा ताईत नव्हे, तर स्मृती होय. आपण कोण, आपले कोण, याची आठवण होय.

त्या मातोश्रींना एवढेच विचारले, “मुलाच्या घरी आपण शेवटच्या कधी गेला होतात?” त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “दोन दिवाळ्या झाल्या.” प्रसाद घेताना त्यांनी एक पुडी जास्त मागून घेतली, सुनेसाठी.

भाविकांस विनंती की, मोहिनी घालण्याच्या वा उतरविण्याच्या नावाखाली कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. अलौकिक शक्तीचा आव आणून लोकांना फसविणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यान्वये गुन्हा आहे. दर्शनाचे समाधान घेऊन जावे आणि दुरावलेल्या माणसाच्या घरी प्रसाद अवश्य पोहोचवावा, ही नम्र प्रार्थना.